चार नंबरचा पिंजरा

१

मंगळवार. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. बंगल्यातल्या घड्याळात बावीस झाली होती, पण ते दोन मिनिटं पुढे पळायचं आणि सोमारी रोज न चुकता ती दोन मिनिटं वजा करायची. तेव्हा वेळेत चूक नाही.

गावाबाहेर वैनगंगेकडे जाणाऱ्या गाडवाटेवर तो कौलारू बंगला होता. नागपूरकडचे एक डॉक्टर दीड वर्षापासून तिथे राहत होते. माणसांना औषध देत नसत. मागच्या लांब खोलीत भिंतीच्या कडेने आठ पिंजरे मांडलेले, आणि प्रत्येकात एकेक पांढरा उंदीर. पिंजऱ्यात एक पितळी कळ होती. उंदराने पुढच्या पायाने ती दाबली की वरच्या नळीतून अफूच्या पाण्याचा एक थेंब पडायचा. कळीला सूत बांधलेलं, सुताच्या टोकाला सुई, आणि सुईसमोर किल्ली दिलेलं नळकांडं हळूहळू फिरत राहायचं. नळकांड्यावर काजळी धरलेला कागद, त्यावर प्रत्येक पिंजऱ्याची वेगळी रेघ. कळ दाबली की टक्, आणि काळ्या कागदावर पांढरा दात उमटायचा.

कागद चिमणीवर धरून काळा करायचा, आणि दर अर्ध्या तासाला दात मोजून वहीत लिहायचे, हे सोमारीचं काम. ती सातवी पास होती. अख्ख्या गावात सातवी झालेली सून एकटी तीच, म्हणून डॉक्टरांनी तिला ठेवलं. पिंजरे झाडायला लटारू होता, पन्नाशीचा, तोंडाने फटकळ.

"उंदराले अफू, अन् मले बिडीचं थोटूकबी नाई," तो रोज म्हणायचा. "पुढच्या जन्मी पांढरा उंदीर होईन बाप्पा."

त्या मंगळवारी अकरा वीसला सोमारी नवा कागद चिकटवत होती. मागे टक् झालं. इतके उंदीर असले की टकटक चालूच असते, कान देत नाही कोणी. पण तिचं लक्ष कागदावर होतं, आणि दात उमटला तो चौथ्या रेघेत.

चार नंबरचा पिंजरा शनिवारपासून रिकामा होता. तिथला उंदीर मेला होता. लटारूने त्याला मोहाच्या झाडाखाली पुरलेलं तिने स्वतः पाहिलं होतं. तेव्हापासून त्या रेघेकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

तिने पिंजऱ्यात वाकून पाहिलं. तळाला कोरडा धानाचा कोंडा, पाण्याची पालथी वाटी. कळ सरळ होती. शेजारच्या तीन नंबरने उडी मारली असेल, फळी हलली असेल. सूत सैल झालं असेल. असं काहीही असू शकतं.

वहीत चार नंबरच्या रकान्यात तिने शून्य लिहिलं.

साडेअकरापर्यंत त्या रेघेत नऊ दात उमटले. तिने शून्य खोडलं नाही.

२

तिची पोरगी रंभा आठ महिन्यांची होती. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ती जेमतेम चार महिन्यांची होती, आणि रोवणा काही कोणाच्या लेकराची वाट पाहत नाही. सासू गुणाबाईने गावच्या रीतीप्रमाणे अफूची बाळगोळी सुरू केली. मोहरीएवढी गोळी आईच्या दुधात उगाळायची आणि बोटाने चाटवायची. लेकरू धुऱ्यावर टोपलीत झोपतं, माय बांधीत वाकून परे लावते. सोमारीचा नवराही असाच वाढला होता, त्याचा बापही.

"तुह्या नवऱ्याले दोन वर्षं चाटवली," गुणाबाई म्हणायची. "मेला का तो? जंगलात बांबूच्या कूपात दोन माणसांचं काम करते."

रोवणा संपला. गोळी संपली नाही. सकाळी एक, दुपारी एक. उशीर झाला की रंभा जांभया द्यायची, नाक गळायचं, अंग घामाने थबथबायचं, पाय पोटाशी घेऊन किंचाळायची. सोमारीला वाटायचं, दात येत असतील.

मग दिवाळीनंतर डॉक्टरांनी दोन पिंजऱ्यांच्या नळ्या बंद केल्या आणि तिला सांगितलं, "आता हे काय काय करतात ते लिहा." सोमारी लिहायला बसली. जांभई. नाक गळतं. अंग ओलं. पाय पोटाशी. चौथी गोष्ट लिहिताना तिची पेन्सिल थांबली.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "डॉक्टरसाहेब, ही सवय सुटत असते का?"

डॉक्टर बोलायला लागले की छान बोलायचे. ते म्हणाले, मेंदूत बारीक बारीक कुलपं असावीत, आणि अफू ही त्यांची किल्ली. किल्ली फिरली की सुख. त्यांच्याकडे एक उलटं औषध आलं होतं. ते त्या कुलपात जाऊन बसतं, पण फिरत नाही. मग अफू आली तरी तिला जागाच नाही. "थोडा वेळ उंदीर कळ दाबून दाबून बेजार होतो. मग सोडून देतो. मागतच नाही."

मागतच नाही. हे दोन शब्द सोमारी घरी घेऊन गेली.

शनिवारी सकाळी उलट्या औषधाच्या आठ शिश्या भरून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर नंबराची चिठ्ठी. चार नंबर हा सगळ्यांत हावरा. दाणे सोडून, पाणी सोडून तो कळच दाबत बसायचा. त्या सकाळी औषध द्यायच्या आधीच तो मेलेला सापडला. पुढचे दोन्ही पाय कळीवर तसेच होते. लटारूला ते सोडवावे लागले.

"घे," त्याने चार नंबरची शिशी सोमारीच्या हातात दिली. "मेलेल्याचं औषध होय. ओतून दे तिकडे."

सोमारीने ती ओतली नाही. पदराच्या गाठीत बांधून घरी आणली. लेकराचा जीव उंदराच्या जिवापेक्षा मोठा, म्हणून तिने आगपेटीची काडी बुडवली आणि काडीच्या टोकावर राहिलं तेवढंच रंभाच्या जिभेला लावलं.

रंभा घटकाभर रडली. असं रडली की गुणाबाईने मीठमोहऱ्या ओवाळल्या. मग एकदम थांबली.

ती थांबली ती थांबलीच.

३

"शहाणी झाली माही पोट्टी," गुणाबाई शेजारणीला सांगत होती. "गोई मांगत नाई, काई नाई. टुकूटुकू पाह्यते नुसती."

गोळी सुटली होती, हे खरं. तीन दिवसांत एक गोळी दिली नव्हती. सोमारीने देवाला नारळ बोलला. पण मंगळवारी घरी आल्यावर, खाटेवरच्या रंभाकडे पाहताना, तिला एक गोष्ट आठवेना. शनिवारनंतर पोरीने तिच्याकडे हात कधी उचलले होते?

ती दारात उभी राहिली. "रंभा," म्हणाली.

पोरीने पाहिलं. जशी ती खांबाकडे पाहत होती, जशी कोंबडीकडे पाहत होती, तशीच आईकडे.

सोमारीने तिला छातीशी घेतलं. रंभा प्यायली. तोंडात आलं म्हणून प्यायली. पूर्वी पिता पिता ती आईच्या गळ्यातली पोत मुठीत धरायची, इतकी घट्ट की एकदा दोरा तुटला होता. आता तिचा हात मांडीवर पडलेला होता. मूठ उघडी.

"आत्याबाई, ही आज रडली का? भूक लागली तेव्हा?"

"कायले रडन? तूच काऊन नाट लावून राह्यली? रडते तेव्हा रडते म्हनते, नाई रडत तेव्हा नाई रडत म्हनते. सातवी शिकलेल्या बायकांचं असंच रायते."

सोमारीने पोरीला पुन्हा खाटेवर निजवलं. सासू खोटं बोलत नव्हती. रडणाऱ्या लेकराची तक्रार सोमारीच तर करत होती इतके दिवस.

४

बुधवारी गुणाबाई धानाच्या कापणीला गेली, म्हणून सोमारीने रंभाला बंगल्यावर नेलं. मागच्या ओसरीत दोन खांबांना लुगड्याची झोळी बांधली. तिथून खोलीचं दार दिसायचं, झोळी दिसायची, पिंजरे दिसायचे.

नऊ ते दहा, चार नंबरच्या रेघेत एक दात नाही. रंभा घरून पिऊन आली होती.

दहा पस्तीसला टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. मग टक्टक्, टक्टक्, अगदी तो मेलेला उंदीर जिवंतपणी दाबायचा तसं. सोमारी उठून झोळीपाशी गेली. रंभा जागी होती. कौलांकडे पाहत होती. तिचे ओठ कोरडे होते. सोमारीने तिला घेतलं, पाजलं.

चार नंबरचं टकटक थांबलं.

योगायोग. सातवीच्या विज्ञानाच्या गुरुजींनी सांगितलं होतं, एकदा घडलं तर मानू नका, तीनदा पाहा. तिने पाहिलं. बाराला पोर ओली झाली. चेहरा तसाच. टक्टक्. कोरडं फडकं बांधलं, थांबलं. दोनला पुन्हा भूक. टक्टक्. पाजलं, थांबलं. तीनदा झालं.

मग सोमारीने जे केलं ते तिने नवऱ्यालाही पुढे कधी सांगितलं नाही. तिने खोलीचं दार उघडं ठेवलं. झोळीपाशी बसली. रंभाचा डावा पाय हातात घेतला, तळव्याला जोरात चिमटा घेतला, आणि पोरीच्या तोंडाकडे पाहत राहिली.

रंभाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पापणीसुद्धा नाही. तळवा मात्र लाल झाला.

आणि आत चार नंबरची कळ इतक्या जोरात वाजली की सातही उंदीर आपापल्या कोपऱ्यात गेले.

५

गुरुवारी तिने डॉक्टरांचे पाय धरले. शिशीचं सांगितलं, काडीचं सांगितलं. नोकरी जाईल, पोलिसात देतील, हे सगळं मनात होतं, पण सांगितलं.

डॉक्टर पांढरेफटक पडले. त्यांनी रंभाला टेबलावर निजवलं. डोळे, जीभ, छाती पाहिली, गुडघ्यावर ठोकलं. बराच वेळ पाहिलं आणि मग सुटकेचा श्वास सोडला.

"बाई, तुमचं दैव चांगलं. पोर धडधाकट आहे. पुन्हा असं करू नका."

"पन ते औषध उतरलं का?"

"ते चार तासांत उतरतं. पाच दिवस झाले."

"मंग हे मले काऊन वळखत नाई?"

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. "ओळखत असेल. लहान आहे." पुसून झाल्यावरही ते पुसतच राहिले. "एक गोष्ट मलाही समजलेली नाही. अफू तर खसखशीच्या बोंडात. मग माणसाच्या मेंदूत तिचं कुलूप कशाला असावं? कुलूप आधीपासून आहे. ते दुसऱ्याच कशासाठी तरी केलेलं असणार."

"कशासाठी?"

"माहीत नाही. उलटं औषध दिलेली उंदराची पिलं मी आईपासून उचलून पाहिली आहेत. एरवी ती फार ओरडतात." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ती ओरडली नाहीत."

आत टक् झालं. डॉक्टरांनी मान वळवली. सोमारीने त्यांना तिथे नेलं आणि चौथी रेघ दाखवली. त्यांनी ती बोटाने मोजली, रिकाम्या पिंजऱ्यात पाहिलं, आणि खिशातल्या चाकूने सूत कापून टाकलं. "थंडीने लाकूड आकसतं," म्हणाले.

सुई थांबली. कळ थांबली नाही. डॉक्टर मात्र तोवर आपल्या खोलीत गेले होते, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

लटारू झाडू घेऊन उभा होता. त्याने आज विनोद केला नाही. "गावठी उंदीर शिरत असन कोनी," तो म्हणाला. "चोर आहे, दुसरं काय. चोराले कसं पकडतेत? पीठ फेकून. पाय उमटतेत."

पीठ नव्हतं. काजळी होती. सोमारीने चिमणीवरची दाट काजळी बोटावर घेतली आणि चार नंबरच्या कळीला माखली, वरून, खालून. पिंजऱ्याचं दार तारेने बांधलं. ओसरीवर आली, हात राखेने घासून धुतले, आणि झोळीला पाठ लावून बसली. रंभा झोपली होती. उन्हाचा पट्टा पायरीवरून भिंतीवर चढेपर्यंत दोघीही तिथून हलल्या नाहीत.

आत टक् झालं. मग आणखी एकदा. मग बऱ्याच वेळा.

सोमारी आत गेली. तार तशीच बांधलेली होती. कोंड्यावर एका पायाचा ठसा नव्हता. कळीवरची काजळी मात्र पुसलेली होती. उंदराच्या नखांनी ओरखडते तशी नव्हे. शेजारी शेजारी चार गोल ठिपके, मुगाच्या दाण्याएवढे, आणि खालच्या अंगाला एक. पकडल्यासारखे. धरून ठेवल्यासारखे.

ती ओसरीवर परत आली. झोळीत रंभा जागी होती. त्या दिवशी पोरीला काजळ घातलेलं नव्हतं, तीटही लावली नव्हती. सोमारीने तिची उघडी मूठ उलटी केली.

पाचही बोटांची टोकं काळी होती.

६

शुक्रवारी दुपारी दोनला ट्रक आला. काम उरकलं, सामान परत न्यायचं, असं डॉक्टर म्हणाले. ते सोमारीकडे पाहत नव्हते.

"साहेब, बाकी सारे न्या. चार नंबरचा मले द्या. रिकामाच तर आहे."

"मोजून आणलेत, मोजून न्यायचेत, बाई."

"मी त्याची किंमत देते. माही पोत देते."

"नका हट्ट करू." मग हळूच, "तुमच्या भल्यासाठीच सांगतो आहे. ते जवळ ठेवू नका."

सोमारी चाकाला धरून उभी राहिली. लटारूनेच तिला बाजूला केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "सोड वो बाई. पोट्टी कडेवर आहे तुह्या. पडशील."

पोट्टी कडेवर होती. ट्रक सुरू झाला तेव्हा धूर आला, मोठा आवाज आला, आणि पोरीने त्याच्याकडेही तसंच पाहिलं. ट्रक मोहाखालून वळला. इंजिन दमलं, चढावर क्षणभर आवाज बसला, आणि त्या शांततेत सोमारीला मागच्या फळ्यांआडून स्पष्ट ऐकू आलं. टक्टक् टक्टक् टक्टक् टक्टक्. इतकं तर रंभा गोळीसाठीही कधी रडली नव्हती. जसा ट्रक लांब गेला तसं ते वाढत गेलं.

सोमारी धावली. नाल्यापर्यंत धावली. तिच्या कडेवर रंभा गप्प होती, हात खाली सोडलेले, मान वाटेकडे नव्हे तर उलट्या बाजूला.

७

रंभा आता अडीच वर्षांची आहे. चालते, जेवते, अंगाने चांगली आहे. ठेच लागली तर रक्ताकडे पाहते. तिला भूक लागली की सांगत नाही. घरात तिला घड्याळ पाहून जेवू घालतात. माय हा शब्द तिला म्हणून दाखवला तर म्हणते, जसा पाट म्हणते, लोटा म्हणते.

गुणाबाई त्यानंतर कोणाच्याही लेकराला गोळी उगाळून देत नाही. मागायला आलेल्या बायकांना ती रंभाला दाखवते. जास्त बोलत नाही.

सोमारी मार्कंड्याच्या जत्रेत जाते, हिवाळ्यात नाटकाच्या मंडळ्या येतात तेव्हा वडशाला जाते. दर्शनाला नाही आणि नाटकालाही नाही. दूरदूरची माणसं जिथे जमतात तिथे ती पोर कडेवर घेऊन उभी राहते आणि ज्याला त्याला त्या पिंजऱ्याचं विचारते. कोणी हसतात. कोणी लेकराकडे पाहून हसणं थांबवतात. बंगला आता बंद आहे. डॉक्टरांनी काम सोडलं म्हणतात, आणि सामान कुठे कुठे वाटलं गेलं, कोणाला माहीत नाही.

तेव्हा हे ज्याच्या कानावर पडेल त्याने एवढं करावं. एखाद्या शाळेच्या अडगळीत, दवाखान्याच्या मागे, भंगारवाल्याच्या ढिगात लोखंडी तारांचा हातभर पिंजरा दिसेल. दाराला टिनाची पट्टी आहे, तिच्यावर चारचा आकडा, आत पितळी कळ, कळीवर जुनी काजळी. तो रिकामा दिसेल. रिकामा म्हणून फेकू नये. त्यात दुसरं जनावर घालू नये. आणि ती कळ आपोआप वाजली तर भिऊन पळू नये. जवळ बसावं, तारेतून बोट आत घालावं, आणि म्हणावं, "तुही माय येऊन राह्यली. रस्त्यात आहे."

मग वडशाच्या मोटारस्टँडवर लच्छू पानवाल्याकडे निरोप ठेवावा. तो सोमारीला पोचवतो. आणि दिसला नाही तरी पुढच्या गावात सांगावं, त्या गावाने त्याच्या पुढच्या. लेकरू कुठेतरी हाक मारून राह्यलं आहे.